ताबेपावतीवर सही करण्यापूर्वी

भाड्याने शिडाची नाव देणारा मनुष्य कितीही सौजन्याने वागत असला, तरी शनिवारी सायंकाळी त्याचे हित आणि आपले हित ही दोन वेगळी असतात, ही गोष्ट ग्रीसमधील लेफकाडा बंदरात आम्हांस फार महाग पडून कळली. आणि ती लिहून काढण्यात मनातील संताप मोकळा करण्याचाही हेतू आहे, हे मी लपवीत नाही. त्या आयोनियन किनाऱ्यावर बहुतेक नावा शनिवार ते शनिवार अशा करारावर दिल्या जातात. सकाळी एक मंडळी उतरते, मग झाडलोट होते, आणि सायंकाळी दुसरी मंडळी सामानसुमानासह धक्क्यावर हजर होते. मधल्या काही तासांत यंत्राची, शिडांची आणि विजेची रुजुवात किती बारकाईने होत असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा.

नाव आमच्या ताब्यात देणाऱ्या गृहस्थाकडे जिनसांची छापील यादी होती आणि एकेका ओळीपुढे खूण करीत दस्तऐवज पुरा करण्याची त्याला विलक्षण घाई होती. विंडलस, म्हणजे नांगराची साखळी वर ओढणारे विजेवरचे यंत्र, चालवून दाखवावे असे आम्ही म्हणालो. तेव्हा त्याने नांगर हातभर खाली सोडला, वर घेतला आणि खूण केली. साखळी लांबवर सोडून दाखवा म्हटल्यावर, येथे तळाशी इतरांचे दोर आहेत, ते शक्य नाही, असे उत्तर मिळाले. उत्तर खोटे नव्हते. परंतु नाव थोडी बाहेर नेऊन तीच परीक्षा मोकळ्या पाण्यात घेता आली असती, आणि आम्ही तसे सुचविले असता त्याने पुढच्या नावेकडे बोट दाखवून लेखणी आमच्या हातात दिली.

केफालोनिया बेटाच्या उत्तर टोकाला असलेले फिस्कार्डो हे 1953 च्या भूकंपातून बचावलेल्या मोजक्या गावांपैकी एक. तेथील जुनी घरे पाहण्यासाठी उन्हाळ्यात नावांची दाटी होते; आम्हीही त्या दाटीत शिरलो. त्या बाजूची रीत अशी, की नाळेवरून नांगर टाकावा, मागे सरकत जावे आणि नावेची पिछाडी धक्क्याला बांधावी. दुपारनंतरचा वायव्येचा वारा अंगावर, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या नावा, आणि आमच्या नांगराने तळ धरला नाही. तो वर घेऊन पुन्हा टाकावयाचा, म्हणून कळ दाबली. यंत्राने दोन गिरक्या घेतल्या आणि ते थांबले ते थांबलेच. पाणी 12 मीटर खोल. 10 मिलिमीटर जाडीच्या साखळीचे वजन मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते. म्हणजे नांगर धरून पन्नास किलोच्या घरातले ओझे आम्हांस हातांनी ओढावे लागले, तेही नाव वाऱ्याने आडवी होत असताना.

नंतर नाळेवरील साखळीचा कप्पा उघडला, तेव्हा सारा उलगडा झाला. यंत्राला वीज पुरविणाऱ्या जाड तारांच्या टोकांवर हिरवे जंगाल चढले होते. बोट लावताच त्याची पुटे गळून पडली. हा थर आमच्या ताब्यातील आठवड्याचा असणे शक्य नव्हते. नांगर हातभर उचलावयाचा तर यंत्र थोडी वीज मागते, आणि तेवढी त्या कुजक्या सांध्यातूनही जाते. पण भार वाढून ऐंशी-शंभर अँपिअरची मागणी झाली, की सांधा तापतो आणि यंत्रापर्यंत दाब पोहोचतच नाही. धक्क्यावरची ती हातभर परीक्षा म्हणजे परीक्षाच नव्हती. दूरध्वनीवर मात्र तोच गृहस्थ म्हणाला, "तुम्ही यंत्रावर फाजील भार टाकलात." परतल्यावर आम्ही छायाचित्रे पुढे केली, तर त्याने ती पाहिलीही नाहीत, यादी उचलून आमच्या सहीवर नख टेकविले आणि अनामत रकमेतून यंत्राची किंमत कापून घेतली. ते नख मला अजून दिसते.

म्हणून माझे सांगणे असे, की कंपनीचे कार्यालय उघडे आहे तोवरच धक्क्याबाहेर जाऊन तीस मीटर साखळी खोल पाण्यात सोडावी आणि थांबून थांबून वर घ्यावी. साखळीचे शेवटचे टोक नावेला दोराने बांधलेले आहे ना, तेही त्याच वेळी पाहावे, कारण प्रसंगी दोर कापता येतो, लोखंड नाही. विंडलसचे वीज तोडणारे बटण पुष्कळदा झोपण्याच्या खोलीत कोठेतरी दडविलेले असते. ते दाखवून घ्यावे.

खोली सांगणारे यंत्र पाण्याच्या पृष्ठापासून मोजते की कण्यापासून, हे विचारून न थांबता वजन बांधलेली दोरी सोडून ताडून पाहावे. मुंबई बंदरात नाव गाळात रुतली तर चार-पाच मीटरची भरती तिला उचलते. आयोनियन समुद्रात भरती-ओहोटी नगण्य, तेथे टेकलेली नाव टेकलेलीच राहते. नावेचे इंजिन थंड असताना सुरू करावे, धुराच्या नळीतून पाणी पडते आहे याची खातरजमा करावी, आणि दोर बांधलेले असतानाच पुढचा व मागचा गिअर लावून पाहावा. पट्ट्याखाली काळी पूड दिसली तर पट्टा झिजतो आहे असे समजावे. किनाऱ्याची वीज तोडून, शीतकपाट चालू ठेवून, तासाभराने बॅटरीचा दाब पाहावा. शिडे सकाळी वारा पडलेला असताना पूर्ण उलगडावीत. प्राणरक्षक जाकिटे, संकटसूचक दारूनळ्यांच्या मुदती, गॅस, हे सर्वजण सांगतातच, आणि ते खरेही आहे. घाई करू नये.

प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र तारखेसह त्यांच्याच माणसासमोर घ्यावे; तारांच्या टोकांचेही घ्यावे, जे कोणी घेत नाही. एखादी परीक्षा त्याने नाकारली, तर त्या ओळीपुढे 'भाराखाली तपासू दिले नाही' असे स्वहस्ते लिहावे आणि खाली त्याची सही मागावी. तो सही देणार नाही. पण मग आपणही देऊ नये, कारण त्या सायंकाळी त्याला दुसऱ्या नावेकडे जावयाचे असते आणि तेवढ्यापुरते बळ आपल्या बाजूला असते. आमचा तक्रारअर्ज कंपनीकडे आणि मध्यस्थ दलालाकडे पडून आहे. दोघांचीही उत्तरे आली. जंगालाबद्दल त्यांत अवाक्षर नाही.