गिअरची सायकल : घेताना आणि घेतल्यावर

कधी वेळ मिळाला तर आपल्या होस्टेलच्या सायकल स्टँडवर एक चक्कर मारा. पुढच्या रांगेत फर्स्ट इयरच्या चकचकीत सायकली दिसतील. जाड टायर, पुढे शॉकअप, मागे शॉकअप, एकवीस गिअर. मागच्या भिंतीला टेकलेल्या सायकली थर्ड इयरवाल्यांच्या. टायर बसलेले, चेन गंजून लाल, सीटवर कावळ्यांची कृपा. त्या फार जुन्या आहेत असंही नाही. दोनच वर्षांपूर्वी त्याही पुढच्या रांगेत होत्या आणि त्यांच्यासाठीही कुणाच्या तरी आईबाबांनी रोख पैसे मोजले होते.

असं का होतं? दोन कारणं आहेत. पहिलं, सायकल घेताना आपण ती कुठे चालवणार याचा विचार करत नाही. दुसरं, घेतल्यावर तिला हात लावत नाही. आपण इंजिनिअरिंगची मुलं. थिअरी ऑफ मशीन्समध्ये चेन ड्राइव्हवर दहा मार्कांचा प्रश्न सोडवतो, पण उतरलेली चेन बसवायला कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे जातो! म्हणून हा लेख. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली असल्यामुळे काही पार्ट्सना मराठी शब्द सुचले नाहीत, पण सायकलवाले काकासुद्धा त्यांना 'गिअर' आणि 'ब्रेक'च म्हणतात, त्यामुळे चालून जाईल.

थोडा इतिहास

माउंटन बाइक कुठल्या कारखान्याने शोधली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मरीन काउंटी भागात, काही हौशी मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायची. १९७६ पासून तिथे 'रिपॅक' नावाच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या. नाव गमतीचं आहे. त्या सायकलींना मागच्या हबमध्ये, उलटं पॅडल मारून लागणारा ब्रेक असे. एकदा खाली उतरलं की तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणजे 'रिपॅक' करावा लागायचा. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास या कामासाठी फ्रेम बनवली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. सांगायचा मुद्दा हा की ही सायकल जन्मल्यापासून देखभाल मागते.

आधी स्वतःला विचारा

आपलं रायडिंग मिक्स असतं. सोमवार ते शुक्रवार होस्टेल ते कॉलेज, क्लास, मेस. रविवारी खडकवासला किंवा सिंहगडचा पायथा. हुरूप आला तर वेताळ टेकडीवरची मातीची वाट. वर्षातून एकदा जुन्या हायवेने लोणावळा (एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, तिकडे जाऊ नका). म्हणजे शंभरातले ऐंशी किलोमीटर तरी डांबरावर, उरलेले खडी, माती आणि चिखलात.

आता या हिशोबात मागचा शॉकअप कुठे बसतो? कुठेच नाही. चांगला मागचा सस्पेन्शन महाग असतो. स्वस्त सायकलीतला स्प्रिंग चढावर प्रत्येक पॅडलला खाली-वर होतो आणि तुमच्या पायांची ताकद खातो. शिवाय वजन वाढतं आणि झिजणारे सांधे वाढतात. त्यामुळे माझं स्पष्ट मत : विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये मागे शॉकअप नको. पुढचा फोर्कही साधा, न दबणारा असला तरी जाड टायर बरेचसे धक्के खातो. शॉकअपचाच हवा असेल तर लॉकआउट असलेला बघा, म्हणजे डांबरावर तो बंद करता येतो. वाचलेले पैसे ब्रेक आणि चाकांत जाऊ देत.

माप सगळ्यात महत्त्वाचं

दुकानात मुलगी गेली की "ताई, लेडीज सायकल दाखवू का?" असं विचारतात. लेडीज-जेन्ट्सचा प्रश्नच नाही, प्रश्न मापाचा आहे. सायकलीच्या आडव्या दांड्यावर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकवून उभे राहा. दांडा आणि तुमच्यात निदान पाच सेंटीमीटर अंतर पाहिजे. खडकाळ वाटेवर अचानक उतरावं लागलं तर हेच अंतर वाचवतं. दांडा टेकत असेल तर एक साइज लहान मागा. "वापरून सवय होईल" असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका.

सीटची उंची बघायला भिंतीला टेकून सीटवर बसा आणि टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला पाहिजे. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा बाक येतो. हीच योग्य उंची. आपल्याकडे बहुतेक जण सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकलच सोडतात.

चाकाच्या मापातही एक गोम आहे. २६ इंची म्हणून विकले जाणारे सगळे टायर एकमेकांना बसत नाहीत! टायरच्या बाजूला ५०-५५९ असा आकडा छापलेला असतो. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २६ इंची माउंटन बाइकचा व्यास ५५९, साडेसत्तावीस इंचीचा ५८४ आणि २९ इंचीचा ६२२. पण साध्या सायकलीचा '२६ गुणिले १ ३/८' टायर ५९० चा असतो. तो तुमच्या रिमवर बसणारच नाही. टायर आणताना दुसरा आकडा लिहून न्या.

एकवीस गिअरचं गणित

एकवीस म्हणजे पुढे तीन चकत्या, मागे सात. समजा पुढे ४२, ३४, २४ दाते आणि मागे १४, १६, १८, २०, २२, २४, २८. चाक २६ इंची असेल तर त्याच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.०५ मीटर जाते. ४२-१४ वर पॅडलच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरतं, म्हणजे सहा मीटरहून थोडं जास्त अंतर. २४-२८ वर गुणोत्तर ०.८६, म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर. पहिला गिअर सपाट रस्त्याला, दुसरा सिंहगडच्या चढाला.

आता ४२ ला २८ ने भागा : १.५. २४ ला १६ ने भागा : पुन्हा १.५. ३४ ला २२ ने भागा : १.५५. म्हणजे जवळजवळ एकच गिअर तीन ठिकाणी आहे! मग कुठला वापरायचा? मधला. कारण पुढची मोठी आणि मागची मोठी चकती जोडली की चेन तिरकी चालते आणि चेन व दाते दोन्ही झिजतात. पुढची लहान आणि मागची लहान जोडली तरी तेच. एकवीस गिअर असले तरी वेगळे असे कमीच. त्यामुळे "एकवीस का चोवीस" या आकड्याला भुलू नका. मागची सगळ्यात मोठी चकती किती दात्यांची आहे ते विचारा, घाटात तीच कामाला येते.

गिअर नेहमी पॅडल फिरत असताना आणि चढ सुरू व्हायच्या आधी बदला. चढावर पूर्ण जोर लावून खटका दाबला की चेन पडते.

ब्रेक : इथे काटकसर नको

तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो धरा. ५०० मीटर उंचीवरून खाली उतरलात तर mgh नव्हे, आपल्या मराठीत 'वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची' : सुमारे ३९२ किलोज्यूल. २५ अंशाचं सव्वा लिटर पाणी उकळायला एवढीच ऊर्जा लागते. यातली काही हवेच्या विरोधात जाते, बाकीची ब्रेकला पचवावी लागते. म्हणून उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक घट्ट दाबून वेग कमी करा, मग सोडा, म्हणजे त्यांना थंड व्हायला वेळ मिळतो.

रिमवर रबर दाबणारा व्ही-ब्रेक स्वस्त, हलका आणि कुठेही दुरुस्त होणारा आहे. पण ओल्या, चिखलाच्या रिमवर तो उशिरा लागतो. डिस्क ब्रेक पावसात चांगला. त्यातला केबलचा प्रकार स्वतः अॅडजस्ट करता येतो. ऑइलचा ब्रेक कमी जोरात जास्त लागतो, पण बिघडला तर जाणकार माणूसच लागतो. कोकणात किंवा घाटात पावसाळाभर चालवणार असाल तर केबल डिस्क हा चांगला मध्यम मार्ग.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने घाट उतरायच्या आधी सहज चाक फिरवून बघितलं. मागच्या ब्रेकचं रबर संपून लोखंड रिमला लागत होतं. ती सायकल हातात धरून चालत खाली आली. आम्ही तिला हसलो नाही. पुढच्या वळणावर दरीच्या बाजूचा कठडा तुटलेला होता.

चेनची परीक्षा

चेन 'लांबते' असं म्हणतात. खरं तर लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची जागा झिजते आणि सगळी झीज मिळून लांबी वाढते. सायकलच्या चेनचा पिच अर्धा इंच असतो. त्यामुळे नव्या चेनवर २४ पिच मोजले तर बरोबर १२ इंच भरतात. वर्कशॉपमधली स्टील पट्टी घ्या, शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा आणि चोविसावी पुढची पिन बघा. ती १२ च्या रेघेपुढे १/१६ इंच गेली असेल तर चेन बदला. १/८ इंच गेली असेल तर उशीर झाला, मागच्या चकत्याही गेल्या. चेन वेळेवर बदलणं हे मागचा सगळा सेट बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

तेलाबद्दल बोलायचं तर आधी जुन्या टूथब्रशने आणि थोड्या रॉकेल किंवा डिझेलने चेन घासा, पुसून वाळवा. मग पॅडल उलटं फिरवत प्रत्येक रोलरवर एकच थेंब टाका. पाच मिनिटांनी फडक्याने वरचं तेल पुसून टाका. तेल आत पाहिजे, बाहेरचं फक्त धूळ गोळा करतं. इंजिन ऑइल जाड असल्यामुळे काळा चिखल होतो. शिलाई मशीनचं तेल उन्हाळ्यात चालतं, पण पावसात धुऊन जातं. खोबरेल तेल तर पुण्याच्या डिसेंबरात गोठतं, ते केसांनाच ठीक! आणि तेल लावताना डिस्कवर किंवा रिमवर एक थेंबही उडू देऊ नका, नाहीतर ब्रेक लागणार नाही.

हवा

हवा हाताने दाबून मोजू नका, गेज असलेला पंप घ्या. टायरच्या बाजूला कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला दोन इंची टायरमध्ये डांबरावर ५० पीएसआयच्या आसपास आणि मातीवर ३५ च्या आसपास बरं पडतं. मागे दोन-तीन जास्त. फार कमी हवा असेल तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. एकच भोक असेल तर काटा किंवा काच. पॅच लावण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढा, नाहीतर तोच काटा पुन्हा पंक्चर करेल.

वेळापत्रक

निघण्याआधी दोन मिनिटं : हवा, दोन्ही ब्रेक, चाकांचे क्विक रिलीज किंवा नट घट्ट आहेत ना.

आठवड्यातून एकदा : चेन पुसून तेल. पावसात भिजली तर त्याच दिवशी. धुताना गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली धरू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरून ग्रीस बाहेर काढतं. बादली आणि फडकं पुरे.

महिन्यातून एकदा : ब्रेकचं रबर किंवा पॅड किती उरलंय, चाकात आउट आहे का, एखादी तार सैल आहे का. गिअर मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर मागच्या गिअरजवळ केबलवर जो गोल स्क्रू असतो तो घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवा आणि बघा. बहुतेक वेळा एवढंच लागतं.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर : काकांकडे ओव्हरऑइलिंग. हब, हँडल आणि पॅडलचा मधला एक्सल उघडून छर्रे धुऊन नवं ग्रीस. शेजारी उभे राहा आणि बघा, बरंच शिकायला मिळतं.

एक टीप : डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. सैल करायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. वाटेल तिकडे जोर लावलात तर क्रँकचे आटे जातील.

शेवटी बजेटबद्दल. जेवढे पैसे आहेत त्यातला दहावा हिस्सा आधीच बाजूला काढा : हेल्मेट, कुलूप, पंप, एक जादा ट्यूब, पॅच, अॅलन कीचा सेट आणि मागचा लाल दिवा. हे नसेल तर महागातली सायकलसुद्धा अर्धीच आहे. साधी, मापाची, चांगल्या ब्रेकची सायकल घ्या आणि रविवारची पंधरा मिनिटं तिला द्या. चार वर्षांनी डिग्री घेऊन निघाल तेव्हा ती धाकट्या भावाला किंवा ज्युनिअरला देता येईल अशी असू दे. तोवर हात काळे झाले तर होऊ देत, साबणाने निघतात!