अडखळणारे इंजिन : कार्यशाळेतील एक पाठ

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या दोन्ही तालुक्यांत एकही रेल्वे स्थानक नाही. पुणे-मिरज लोहमार्ग जातो तो जेजुरी, नीरा असा पुरंदरच्या अंगाने. त्यामुळे तोरणा-राजगडाच्या पायथ्याच्या वाड्यांतून आमच्या वसतिगृहात येणाऱ्या पुष्कळशा मुलांनी आगगाडी पाहिलेली असते ती पुस्तकातच. म्हणून पुण्याच्या सहलीत आम्ही कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आवर्जून ठेवतो. कै. भाऊसाहेब जोशी यांच्या आयुष्यभराच्या ध्यासातून उभे राहिलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. तेथून परतताना मुले बसमध्ये गप्प असतात, हा आमचा दरवर्षीचा अनुभव आहे.

एका हितचिंतकांनी तशाच १:८७ प्रमाणातील एक इंजिन व काही रूळ आमच्या कार्यशाळेस दिले. या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ते युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या रुळमापाचे प्रतिरूप होय. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या रुंद मार्गासाठी ते सव्वाएकोणीस मिलिमीटर हवे होते. तेव्हा आपले भारतीय इंजिन या रुळांवर थोडे परदेशी चालीने चालते, असे आम्ही मुलांना गमतीने सांगतो. एका लांब फळीवर आम्ही चौदा फुटांचा सरळ मार्ग अंथरला आणि मध्ये नीरा नदीवरचा म्हणून एक लाकडी पूल उभारला.

या इंजिनात बॅटरी नसते. नियंत्रकातून कमाल १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह दोन रुळांत सोडलेला असतो. एका बाजूची चाके एका रुळातून वीज घेतात, दुसऱ्या बाजूची दुसऱ्यातून. चाकांच्या पाठीशी घासणाऱ्या बारीक धातुपट्ट्या ती मोटरपर्यंत नेतात. पुढे कार्बन ब्रश आणि तांब्याचे दुभंगलेले कडे, म्हणजे दहावीच्या पाठातील तेच विद्युत चलित्र. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो; रुळांची धन-ऋण बाजू उलटवली की गाडी मागे जाते. परिपथ एवढा साधा आहे. परंतु त्यात धातूला धातू नुसता टेकण्याच्या जागा दहा-बारा आहेत, आणि प्रत्येक जागी मळ बसू शकतो.

माजी विद्यार्थी मेळाव्याला आठच दिवस उरले असताना इंजिन बिघडले. ते गचके देई, पूल ओलांडताच रडतखडत सरके आणि थांबे. आदल्या सायंकाळी वेल्ह्याकडील सातवीतला एक विद्यार्थी ते हाताळत होता. "ते पुलापाशीच अडतंय, सर," असे तो दोनदा म्हणाला. आम्ही मल्टिमीटर घेऊन पुलापलीकडच्या रुळांवर टेकवला. काटेकोर १२ व्होल्ट. रूळ निर्दोष ठरले, इंजिन दोषी ठरले, आणि ते शेवटी ज्याच्या हातात होते तोही. त्याला कार्यशाळेत येऊ नकोस असे सांगितले गेले. ते आम्हीच सांगितले, हे येथे नमूद करणे भाग आहे.

पुढचे तीन दिवस आम्ही जे केले ते कोणी करू नये. रूळ पॉलिशपेपरने घासले. त्याने ते क्षणभर चकाकतात, पण पडलेल्या सूक्ष्म चरांत मळ आणखी घट्ट बसतो. मग इंजिनात सढळ हाताने तेल सोडले. ते चाकांवर उतरले, तेथून रुळांवर पसरले आणि धूळ धरू लागले. शेवटी मोटर उघडली. ब्रशची स्प्रिंग उडाली ती फरशीवर अर्धा तास शोधून सापडली. तीन उपाय एकामागून एक केले आणि प्रत्येकाने मूळ दुखण्यावर नवे दुखणे चढवले.

मग एका संध्याकाळी शांत बसून पहिल्यापासून सुरुवात केली. इंजिन स्पंजच्या गादीवर उताणे ठेवले आणि नियंत्रकाच्या दोन तारा थेट मोटरच्या टोकांना लावल्या. मोटर गोड आवाजात फिरली, म्हणजे मोटर निर्दोष. मग त्याच तारा एकेका जोडीच्या चाकांना लावल्या. दोन जोड्यांवर मोटर फिरली, तिसरीवर नाही. त्या चाकामागची धातुपट्टी काळ्या मळाने माखली होती. चौथ्या जोडीवर पकडीसाठी रबरी कडी असतात. ती चाके वीज घेतच नाहीत, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. दंतचक्रे हाताने फिरवून पाहिली तेव्हा एका आसाभोवती निळा धागा गुंडाळलेला निघाला. कधीतरी रूळ वसतिगृहाच्या सतरंजीवर मांडले होते, त्याची ही खूण. चिमट्याने तो काढला. पट्टी व चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसली. थिनर वापरू नये, प्लॅस्टिक विरघळते. तेल दिले ते सुईच्या टोकावर मावेल एवढेच, आणि तेही फक्त आसाला.

आता सुट्या, स्वच्छ केलेल्या रुळाच्या तुकड्यावर इंजिन सुरेख चालले. फळीवर ठेवले, पूल ओलांडला आणि पुन्हा रखडले.

तेव्हा तो मुलगा आठवला. आम्ही मल्टिमीटर पुन्हा त्याच जागी टेकवला. या वेळी इंजिन पुलापलीकडे कसेबसे सरकत असताना. आकडा होता ७.६. इंजिन उचलले की पुन्हा १२. इंजिन ०.४ अँपिअर प्रवाह घेत होते. म्हणजे ४.४ व्होल्ट वाटेत कोठे तरी खर्च होत होते आणि त्या जागेचा रोध सुमारे ११ ओहम होता. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. प्रवाहच नसेल तर रोधावर व्होल्ट पडत नाहीत. आमच्या पहिल्या मोजणीत रुळांकडून कोणी काही मागितलेच नव्हते, म्हणून ते भरलेले दिसले. ओहमचा नियम आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. तो येथे आम्हाला दिसला नाही.

दोष पुलाच्या सांध्यात होता. दोन रूळ जोडणारी पत्र्याची पन्हळ सैल होऊन आतून काळवंडली होती. वेल्ह्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हे पडली की आकसते. आमचा पूलही तसाच हलला असणार. आमचे रूळ पितळेचे आहेत, आणि दमट हवेत पितळेवर धरणारा थर वीज अडवतो. निकेल-सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूचे रूळ याबाबतीत बरे. त्यात चांदी मात्र नावापुरतीही नसते. तांबे, जस्त आणि निकेल एवढेच.

विजेवर चालणाऱ्या खऱ्या लोहमार्गावर इंजिनाचा प्रवाह रुळांतून परत जातो, म्हणून जेथे रुळांना सांधा असतो तेथे दोन टोके तारेने बांधलेली असतात. आम्ही तेच केले. प्रत्येक सांध्यावर बाहेरच्या अंगाने बारीक तार डाखली आणि मार्गाच्या दुसऱ्या टोकालाही नियंत्रकापासून स्वतंत्र तारा नेल्या. आता शेवटच्या फुटावर, इंजिन चालू असताना, ११.७ व्होल्ट मिळतात.

त्या मुलाला आम्ही वर्गासमोर बोलावून चूक कबूल केली. तो काही बोलला नाही. मेळाव्याच्या दिवशी नियंत्रक त्याच्या हाती दिला होता, पण कार्यशाळेत स्वतःहून पुन्हा येऊ लागला तो दिवाळीची सुट्टी संपल्यावर. सध्या बिघाडाच्या नोंदवहीचे काम त्याच्याकडे आहे. काय दिसले, कोठे दिसले आणि मोजताना इंजिन रुळांवर होते की नव्हते, असे तीन रकाने त्याने आखले आहेत. तिसरा रकाना त्याने स्वतःच घातला.