नस कुठून निघते, कुठे पोचते

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना मी अनॅटॉमी शिकवते. मज्जारज्जू आणि क्रेनियल नर्व्ह ही प्रकरणं मुलं रात्र रात्र घोकतात. पण नस कुठून निघते आणि कुठे पोचते, हे जिवंत शरीरावर बोट ठेवून पाहिल्याशिवाय ती पक्की होत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

१. मज्जारज्जू कुठे संपतो, हे सगळ्यात आधी शिकवावं. कणा माकडहाडापर्यंत जातो. रज्जू मात्र मोठ्या माणसात साधारण ४५ सेंटीमीटर लांबीचा, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच थांबतो. गर्भात तिसऱ्या महिन्यापर्यंत दोघांची लांबी सारखी असते. पुढे कणा झपाट्याने वाढतो, रज्जू मागे राहतो. नवजात बाळात त्याचं टोक कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास असतं.

सिझेरियनआधी ‘मणक्यात इंजेक्शन दिलं तर पाय तर जाणार नाहीत ना?’ असं ओळखीच्या मुली घाबरून विचारतात. मी त्यांना कमरेवर हात ठेवायला सांगते. दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेघ कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. सुई त्याच्या लगेच वर किंवा खाली टोचतात. तिथे रज्जू नसतोच. पाण्यात सैल लोंबणाऱ्या नसांचा झुबका असतो आणि त्या सहसा सुईपासून बाजूला सरकतात.

२. मणक्याचा नंबर म्हणजे रज्जूचा नंबर नव्हे. कमरेच्या पहिल्या मणक्याला मार बसला, तर लघवी-संडासवरचा ताबा जाऊ शकतो, कारण रज्जूचा शेवटचा भाग तिथेच असतो. नसांच्या एकूण ३१ जोड्या: मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या ५, माकडहाडाची १. मानेत मणके मात्र सातच. पहिल्या सात नसा आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, आठवी सातव्याच्या खालून.

३. अपघातात पडलेल्या माणसाची टांगाटोळी करू नये. हे मी वर्गात जितकं सांगते, तितकंच शेजारीपाजारी सांगते. श्वासपटलाला हलवणारी फ्रेनिक नर्व्ह मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नसांपासून बनते. रज्जूला या नसांच्या वर इजा झाली, तर श्वासच बंद पडतो. मोडलेला मणका हलला, की वाचलेला रज्जूही चिरडू शकतो. आग किंवा वाहनांचा धोका नसेल, तर डोकं-मान स्थिर धरून रुग्णवाहिकेची वाट पाहावी. हलवावंच लागलं, तर चार-पाच जणांनी डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून एकदमच उचलावं.

४. व्हेगस नर्व्ह मुलांना शवविच्छेदनात स्वतःच्या हाताने सोडवू द्यावी. कवटीतून निघालेली ही दहावी नर्व्ह मान, छाती ओलांडून पोटात उतरते. देहदान करणाऱ्यांमुळेच हे डोळ्यांनी पाहता येतं.

५. क्रेनियल नर्व्हच्या १२ जोड्यांचा आजचा क्रम शरीररचनाशास्त्रज्ञ झ्योमरिंगने १७७८ मध्ये लावला. तो पाठ करावाच, पण परीक्षा चेहऱ्यावर घ्यावी. डोळे मिट, दात दाखव, कपाळाला आठ्या घाल. सातवी नर्व्हच दुखावली, तर त्या बाजूच्या आठ्याही जातात. दोष मेंदूत वरच्या भागात असेल, तर तोंड वाकडं होतं, पण आठ्या सहसा पडतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो. हा फरक तपासणं डॉक्टरांचं काम. घरच्यांनी, तोंड अचानक वाकडं झालेलं दिसताच, आठ्या पडोत न पडोत, तडक दवाखाना गाठावा.