अनोळखी भाषेचा अर्धा तास

कामठीकडून नदीचा पूल ओलांडला की नागपूर जिल्ह्यातील कन्हान हे गाव लागते. कोळसा खाणींच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली. मराठीबरोबरच हिंदी आणि तेलुगू भाषाही येथे कानी पडतात. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली. घरी मराठी न बोलणाऱ्या मुलाला ती शिकवावी कशी, हा अशा गावातील शिक्षकांपुढचा नित्याचा प्रश्न होय.

या बाबतीत परकी भाषा शिकविणाऱ्यांच्या कार्यशाळांतील एक रूढ पद्धत उपयोगी पडण्यासारखी आहे. मुरलेल्या शिक्षकांनाच बाकावर बसवून सर्वस्वी अनोळखी भाषेचा पहिला पाठ दिला जातो. भाषांतरास मज्जाव असतो. ही भाषा चिनी असली तर भल्याभल्यांची तारांबळ उडते. ‘मा’ हा एकच उच्चार उंच व सपाट सुरात आई, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा, तर झपाट्याने उतरत्या सुरात रागावणे असा अर्थ देतो. चिनी चिन्हावर सुराची खूण नसते. चीनने १९५८ मध्ये स्वीकारलेल्या रोमन लेखनात ती स्वरावर दिली जाते. वारंवार चुकणारा शिक्षक अखेर गप्प बसतो. वर्गातील मूल गप्प का बसते, ते त्याला तेव्हा उमगते.

मराठीतही अशा अडचणी थोड्या नाहीत. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ लिहावयाचा एकच, उच्चार मात्र दोन. हिंदीभाषक मूल ‘काळ’चा ‘काल’ करते आणि अर्थच पालटतो. तेलुगूभाषक मुलास ‘ळ’ जड जात नाही. तो ध्वनी त्याच्या भाषेत आहेच. ‘माझी पुस्तक’ म्हणणारे मूल निष्काळजी नसते. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे. मूल आपल्या भाषेचा नियम इमाने पाळत असते. तांबडी रेघ ओढण्यापूर्वी एवढे ठाऊक असलेले बरे!

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तेथे ते चिनी शिकले आणि पुढे त्याच भाषेत वैद्यकाचे विद्यार्थी घडवू लागले. जखमी सैनिकांच्या सहवासात भाषेची गरज क्षणोक्षणी भासत होती. शाळेतील मुलास ती तशी भासतेच असे नाही.

कन्हानसारख्या ठिकाणी असा पाठ योजण्यास चिनी जाणणारा माणूस शोधावयास नको. केंद्रशाळेतील शिक्षकांच्या बैठकीत एखाद्या तेलुगूभाषक पालकास अर्धा तास बोलाविले, आणि त्याने फळ्याजवळ उभे राहून केवळ तेलुगूत पाणी, भाकरी, घर हे शब्द शिकविले, तरी काम भागते.