एका डोळ्याची बाहुली मोठी का दिसते? अदपाव टक्क्याच्या थेंबांविषयी थोडे

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखाद्या नेत्रविकाराची सोप्या भाषेत ओळख करून देण्याची प्रथा आम्ही पाळत आलो आहोत. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांविषयी आमच्या देणगीदारांनी पुष्कळ वाचलेले असते. या खेपेस विषय काहीसा अपरिचित निवडला आहे, कारण या विकारात रुग्णाच्या डोळ्यापेक्षा त्याच्या कुटुंबीयांचे मनच अधिक पोळते.

लग्न ठरलेल्या एका मुलीला घेऊन तिचे वडील आमच्याकडे आले होते. साखरपुड्याच्या छायाचित्रांत तिचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा काळाभोर दिसत होता. निरखून पाहता त्या डोळ्याची बाहुली मोठी असल्याचे ध्यानात आले. उन्हात डोळा दिपत होता, वाचताना अक्षरे पुसट होत होती. कोणीतरी मेंदूत गाठ असल्याची शंका बोलून दाखवली होती. वडिलांनी डॉक्टरांच्या आधी आमच्या कार्यालयात येऊन विचारले, "किती रकमेची तजवीज करावी लागेल?"

बाहुली म्हणजे परितारिकेच्या, म्हणजे डोळ्यातील रंगीत पडद्याच्या, मध्यभागी असलेले छिद्र होय. उजेडात ते आकसते, अंधारात विस्फारते. आकसण्याची आज्ञा मेंदूतून तिसऱ्या मज्जारज्जूने, म्हणजे डोळा हलविणाऱ्या नसेने, निघते आणि डोळ्याच्या मागे असलेल्या एका लहानशा मज्जागंडिकेत थांबा घेऊन पुढे जाते. या थांब्यापुढचे तंतू दुखावले की बाहुली उजेडाला दाद देईनाशी होते. मात्र जवळची वस्तू न्याहाळत राहिल्यास ती सावकाश लहान होते आणि पुन्हा मोठी होण्यासही तितकाच वेळ घेते. याला 'एडीची बाहुली' म्हणतात. हा विकार बहुधा तरुण स्त्रियांत आणि प्रारंभी एकाच डोळ्यात आढळतो. पुष्कळदा त्याचे कारण सापडत नाही. कित्येक रुग्णांच्या गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. डोळा दाखवायला आलेल्या मुलीच्या गुडघ्यावर डॉक्टर हातोडी का मारतात, हा नातेवाइकांना पडणारा प्रश्न म्हणून येथेच सोडवून टाकतो.

लंडनमधील विल्यम जॉन एडी आणि गॉर्डन होम्स या दोन मज्जाविकारतज्ज्ञांनी १९३१ साली स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले. तोवर उजेडाला न आकसणारी बाहुली आणि न उडणारा गुडघा एकत्र दिसले, की उपदंशाने मज्जारज्जू पोखरल्याचा संशय घेतला जाई. निर्दोष स्त्री-पुरुषांवर केवढा कलंक येत असेल, याची कल्पना करावी! हा विकार निराळा आणि निरुपद्रवी आहे, हे एडी यांनी ठासून मांडले. आमच्या मते त्यांचे हे उपकार औषधाहून कमी नाहीत.

आता थेंबांविषयी. पायलोकार्पिन हे औषध दक्षिण अमेरिकेतील जॅबोरँडी नावाच्या झुडपाच्या पानांतून १८७५ साली वेगळे काढण्यात आले. पुढे काचबिंदूसाठी ते एक, दोन किंवा चार टक्के तीव्रतेने वापरले जाऊ लागले. एडीच्या बाहुलीला मात्र त्याचा केवळ आठवा भाग टक्का पुरतो. जुन्या हिशेबाच्या भाषेत अदपाव टक्का! मज्जातंतूंकडून येणारा संदेश तुटल्यामुळे तेथील स्नायू उपाशी माणसासारखा अधीर झालेला असतो. निरोगी बाहुली जेथे जवळजवळ ढिम्म राहते, तेथे ही बाहुली एवढ्याशा औषधाने आकसते. म्हणून डॉक्टर दोन्ही डोळ्यांत थेंब घालतात, अर्धा-पाऊण तास थांबतात आणि तुलना करतात. निदान आणि उपचार एकाच बाटलीतून होतात, असा योग आमच्या पाहण्यात फारसा नाही.

तथापि या चाचणीवर एकट्या विसंबून चालत नाही. तिसऱ्या मज्जारज्जूवर दाब आला असतानाही क्वचित अशीच प्रतिक्रिया दिसू शकते. बाहुली मोठी होण्याबरोबर पापणी खाली आली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा अकस्मात तीव्र डोकेदुखी सुरू झाली, तर मेंदूतील रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो. तेव्हा थेंबांच्या नादी न लागता, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठावे. खर्चाचा विचार त्या वेळी करू नये, हे आम्ही हिशेबाचे काम करणारे असूनही सांगतो. याउलट शेतात तण काढताना धोतऱ्याचा रस लागलेला हात डोळ्याला लागला, तरी बाहुली काही दिवस विस्फारलेली राहते. ती एक टक्क्याच्या थेंबांनाही सहसा जुमानत नाही आणि रसाचा प्रभाव ओसरला की आपोआप पूर्ववत होते. म्हणून शेतीकामाविषयी विचारले असता संकोच न करता सांगावे.

त्या मुलीचे निदान एडीची बाहुली असे झाले. परंतु पुढे जे घडले, त्यात दोष आमचा होता. चिठ्ठीवर औषधाचे नाव ठळक आणि तीव्रतेचा आकडा अस्पष्ट होता. गावाकडील दुकानातून दोन टक्क्यांची, म्हणजे सोळा पट तीव्र, बाटली घेतली गेली. भुवईत ठणका, धूसर दृष्टी आणि संध्याकाळी अंधारी, अशा अवस्थेत ती चौथ्या दिवशी परत आली. थेंब बंद केल्यावर त्रास थांबला. वडील एका शब्दाने रागावले नाहीत, ते आम्हास अधिक लागले.

त्यानंतर चिठ्ठीवर तीव्रता आकड्यांत आणि अक्षरांतही लिहिण्याचा नियम आम्ही केला. सौम्य थेंब आमच्या औषध विभागातच निर्जंतुक जागेत तयार होतात. दोन टक्के औषधाचा एक भाग आणि निर्जंतुक क्षारद्रावाचे पंधरा भाग, असा हिशेब आहे. घरी कोणी तो करू नये. औषध स्वस्त आहे, पण निर्जंतुक व्यवस्था, तपासणी आणि अल्प मुदतीमुळे फेकाव्या लागणाऱ्या बाटल्या यांचा खर्च विक्रीतून निघत नाही. तूट औषधनिधीतून भरली जाते. विश्वस्तांपैकी कोणी 'मुदतबाह्य औषधे' या रकमेवर बोट ठेवल्यास तिचा काही भाग येथला आहे, हे नमूद करतो.

थेंबांनी मज्जातंतू बरे होत नाहीत. डोळा दिपणे कमी होते आणि दोन्ही बाहुल्या सारख्या दिसतात, इतकेच. अनेकांना वाचनाचा चष्मा आणि उन्हाचा गडद चष्मा पुरतो, आणि वर्षे लोटली की ती बाहुली स्वतःहून लहान होत जाते. थेंब घातल्यावर नाकाकडील कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा. अंधारात वाहन चालवू नये. डोळ्यापुढे अचानक ठिपके किंवा विजा चमकल्यास त्याच दिवशी दाखवावे. पूर्वी दृष्टिपटलाचा विकार झालेला असेल, तर ते आधीच सांगावे.

त्या मुलीने लग्नाच्या दिवशी सकाळी थेंब घातले होते. छायाचित्रांचा एक संच तिच्या वडिलांनी कार्यालयात आणून दिला. त्यातील दोन्ही डोळे आम्ही बराच वेळ निरखून पाहिले.