केस गेल्यावर चारचौघांत कसं जावं

डिसेंबर 2024च्या अखेरीस शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवडकडच्या माणसांच्या हातात मुठी-मुठीनं केस येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. पुढे 18 गावांतल्या 279 जणांची नोंद झाली. संशय आधी खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर गेला, मग डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. कारण शोधणं डॉक्टरांचं काम. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे: हे डोकं घेऊन कॉलेजात जायचं कसं, बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसायचं कसं? मुरूम, डाग, रंग यांचा धसका घेतलेल्यांनाही पुढची कृती चालेल.

आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. लागण होणारं आहे का, हे त्यांच्याच तोंडून ऐका आणि घरच्यांनाही ऐकवा. ‘टक्कल व्हायरस’ या नावानं तिकडे उगाच भीती पसरली.

मग आरशाचं बघा. सकाळ-संध्याकाळ, हातभर अंतरावरून, तोंड धुण्यापुरतं. खरी अडचण हाताची असते. ओढणी सारखी करायच्या निमित्तानं बोटं आत सरकतात, खुंट चाचपतात, दोन मिनिटांनी पुन्हा तिथेच. मोबाईलमध्ये फोटो मोठा करून बघणं हाही चाचपण्याचाच प्रकार. हात वर निघाला की त्याला काम द्या: शेंगा फोडा, भाजी निवडा. केस किती आले हे डॉक्टरांना बघू द्या.

आता टाळलेल्या जागा कागदावर लिहा. अंगण, किराणा दुकान, एसटी स्टँड, वर्ग, लग्नाची पंगत. सोप्या जागेपासून सुरुवात करा. छातीत धडधडेल, तेवढ्यात पळू नका, जीव थोडा खाली बसेपर्यंत थांबा. तीच जागा दोन-चारदा झाली की पुढची. टोपी किंवा स्कार्फ घालायला हरकत नाही, फक्त दर खेपेला थोडा मागे सरकवा. कुणी विचारलंच तर उत्तर तयार ठेवा: “केस गेले होते, डॉक्टरले दाखवलं. तुमचं कसं काय?” खुलासे देत बसू नका.

घरच्यांनी “छान दिसतेस” हे शंभरदा सांगू नये. एकदा सांगावं आणि विषय बदलावा, नाहीतर विचारण्याचीच सवय लागते. आणि पाहुणे आले म्हणून पोरीला आतल्या खोलीत पाठवणं तर मुळीच नको.

इतरांना दिसतही नाही किंवा जेमतेम दिसतं अशा व्यंगाच्या विचारात रोज तास-तास जात असतील, शाळा-काम सुटत असेल, तर तो बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असू शकतो. क्रीम किंवा शस्त्रक्रियेनं त्याचं समाधान सहसा होत नाही. समुपदेशनातली सीबीटी ही पद्धत आणि मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली औषधं यांचा उपयोग होतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. कुणाला जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी फोन लावा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. काय बोलावं सुचत नसेल तर “दिसण्यावरून त्रास होतोय” एवढं म्हटलं तरी पुढचं ते विचारतात.