गोधडीची पट्टी किती रुंद कापावी?

बडोद्याची थंडी ती केवढी! तरी आमच्या नात्यातल्या घरांत आजीच्या नऊवारीची गोधडी अजून निघते. टाके सगळ्यांना जमतात. घोडं अडतं ते कडेच्या पट्टीशी.

१. आधी कड चिमटीत धरा. साड्यांचे थर दाबूनही पाव इंच सहज भरतात. एकेरी पट्टी जेवढी दिसायला हवी त्याच्या चौपट कापायची आणि वर ही जाडी मिळवायची. पाऊण इंच दिसायची असेल, तर सव्वातीन इंच. दुहेरी पट्टीला सहापट आणि जाडी दोनदा. म्हणजे अर्ध्या इंचाला साडेतीन. परदेशी पद्धतीत अडीच इंचाची दुहेरी पट्टी पाव इंचावर शिवतात. पातळ रजईला ती शोभते. आपल्या गोधडीत खालची साडी कुठे ना कुठे आत सरकलेली असते, ती पाव इंचात सापडतच नाही.

२. रोजच्या पांघरुणाला दुहेरी, कारण आधी विरते ती कडच. बाळाच्या दुपट्याला मात्र एकेरीच: हनुवटीला टोचत नाही आणि पावसाळ्यात लवकर वाळते.

३. कोपरे गोल असतील तरच उरेब पट्टी. काटकोनाला सरळ पट्टी पुरते, उगाच कापड घालवू नका.

४. मंगळ बाजारातून आणलेलं कोरं पॉपलीन धुऊनच कापा. जुन्या साड्या आटायच्या तेवढ्या आटलेल्या असतात; कोरी पट्टी पहिल्याच धुण्यात आटते आणि कडेला चुण्या पडतात. लाल कापड तर दोनदा धुवा.

५. कोपऱ्यावर शिवण टोकापर्यंत नेऊ नये. कडेपासून जेवढ्या अंतरावर शिवताय, तेवढंच अलीकडे थांबा, पट्टी वर दुमडा, मग खाली. कर्नाटकातल्या सिद्दी बायका हा प्रश्नच ठेवत नाहीत. त्यांची कवंदी कडेपासून आत शिवत जाते, कडा तिथेच दुमडतात आणि कोपऱ्यांवर कापडाची ‘फुलं’ बसतात. मला ती रीत फार आवडते, पण आधीच शिवून झालेल्या गोधडीला तिचा काय उपयोग!

६. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीचा घेर ३०० इंच, जोडायला आणखी १०. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून साडेतीन इंची आठ पट्ट्या लागतात, म्हणजे २८ इंच कापड. दुकानदार पाऊण मीटर पुरेल म्हणेल. तुम्ही मीटरभर घ्या. कापड आटतं, आणि दुकानातली कात्री क्वचितच सरळ चालते.